पत्रा जाड म्हणजे गाडी दणकट? वजनाचा सगळा हिशोब

आमच्या सोसायटीत स्टॅक पार्किंग आहे. खाली एक गाडी, डोक्यावर लोखंडी प्लेट, प्लेटवर दुसरी गाडी. खांबावर एक गंजकी पाटी: कमाल वजन २००० किलो. इतक्या वर्षांत ती कोणी वाचली असेल असं वाटत नाही. गेल्या महिन्यात एकाने नवी कोरी इलेक्ट्रिक एसयूव्ही आणली आणि सेक्रेटरी काका चष्मा पुसून पाटीसमोर उभे राहिले. "अहो, हिचं वजन किती?" मालकाला पॉवर पाठ, शून्य ते शंभर पाठ, सनरूफचं माप पाठ. वजन? गप्प.

तर मंडळी, आज वजनाबद्दल बोलू.

सुरुवात आपल्या पद्मिनीपासून. कुर्ल्यात बनायची. तीच काळी-पिवळी, जिने ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. १०८९ सीसीचं इंजिन, साधारण ४० हॉर्सपॉवर, वजन नऊशे किलोच्या आसपास. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. ७९६ सीसी, पॉवर जवळपास तेवढीच, पण अंगावर दोन-अडीचशे किलो कमी. लोक म्हणायचे, "काय पिकअप आहे!" त्या पिकअपमध्ये इंजिनाइतकाच हात वजनाचा होता.

आता तो प्रसिद्ध सीन. शोरूममध्ये तुमच्याबरोबर आलेले काका बोनेटवर बोटाने टकटक करतात आणि निकाल देतात, "पत्रा नाही हा, पापड आहे." काका, माफ करा, पण बाहेरचा पत्रा तुम्हाला वाचवत नाही. वाचवतो तो आतला सांगाडा. धडक बसली की पुढचा भाग चुरगळायलाच हवा. तो चुरगळताना धक्का खातो आणि तुम्ही बसता ती केबिन शाबूत ठेवतो. बोनेट धड राहिलं आणि धक्का छातीला बसला, तर ते बोनेट काय चाटायचंय?

आता खरी गंमत. २००५ची पहिली स्विफ्ट हजार किलोच्या आसपास होती. २०१८ची स्विफ्ट त्याहून शंभरेक किलोंनी हलकी झाली, आणि गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत तिला दोनच स्टार मिळाले. काका खूश: बघ, मी म्हटलं नव्हतं? पण २०२४मध्ये नवी डिझायर आली. पेट्रोलवरची अजूनही हजार किलोंच्या आतच, आणि त्याच संस्थेकडून तिला पाच स्टार! म्हणजे ताकद किलोवर ठरत नाही. कुठल्या जातीचं स्टील आणि ते कुठे लावलंय, यावर ठरते. एअरबॅग, दाराच्या आतले आडवे बार यांनी वजन वाढत असेल तर खुशाल वाढू द्या. त्या किलोंबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती मिरवण्याच्या किलोंबद्दल.

अठरा इंची अलॉय घ्या. फोटोत झकास. पण चाक मोठं झालं की टायरची भिंत बुटकी होते, आणि चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. ते जितकं जास्त, तितकं सस्पेन्शनला चाक आवरणं कठीण. गेल्या पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात माझीच गाडी गेली. अलॉय वाकला, टायरला फुगा आला. टायरवाला हसून म्हणाला, "साहेब, पंधराचं असतं तर वाचलं असतं." वरून काचेचं छत: गाडीच्या सगळ्यात उंच जागी वजन, म्हणजे वळणावर गाडी आणखी झुकणार. आणि मे महिन्यात त्याचा पडदा कोण उघडतं, मला दाखवा.

उंच, बोथट बोनेटला मात्र थोडी सूट. पादचारी आदळला तर त्याच्या डोक्यात आणि इंजिनात थोडी पोकळी लागते. बाकी बनावट जाळ्या आणि रागावलेले दिवे... जाऊ दे, व्हिडिओ लांबेल.

मग एवढं ओझं ओढायचं तर पॉवर वाढवा. बीएमडब्ल्यू एम५ बघा. पंचवीसेक वर्षांपूर्वीची, ई३९ नावाची पिढी: ४०० हॉर्सपॉवर, वजन १८०० किलोंच्या आत-बाहेर. २०२४ची एम५ हायब्रिड आहे: ७२७ हॉर्सपॉवर आणि वजन २४३५ किलो. कंपनीच्याच आकड्यांनुसार शून्य ते शंभर ३.५ सेकंद. आधीच्या पिढीची, ६०० हॉर्सपॉवरची? ३.४! सव्वाशे घोडे जास्त जुंपले आणि गाडी केसभर मागेच राहिली.

सरळ रस्त्यावर पॉवर वजन लपवते. खंडाळ्याच्या घाटात उतरताना लपवता येत नाही. त्याच वेगातली दुप्पट वजनाची गाडी थांबवायची तर ब्रेकना दुप्पट उष्णता गिळावी लागते.

आणि हे सगळं कुठे वापरणार? कोस्टल रोडवर मर्यादा ८०, बोगद्यात ६०. तेवढं ८००सुद्धा पळते. मुंबईत मला खरा परफॉर्मन्स वाटतो तो स्टेअरिंगमध्ये आणि बाहेरचं नीट दिसण्यात. आजकाल काचेच्या बाजूचे खांब इतके जाड की दादरला वळण घेताना अख्खी स्कूटर त्यामागे गायब होते. खिडक्यांची खालची कड वर सरकली, म्हणून ३६० डिग्री कॅमेरा विकत घ्या.

हिंदमात्याला कमरेएवढं पाणी बघितलेल्या माणसाने एसयूव्ही घेतली तर मी हसणार नाही. पण त्याला हवाय तो ग्राउंड क्लिअरन्स. दोन टन त्याने मागितले नव्हते.

माझ्यापुरतं विचाराल तर अकराशे किलो, शंभर हॉर्सपॉवर, पंधरा इंची चाकं. बस.

तुमच्या आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, अनलेडन वेट (रिकाम्या गाडीचं वजन) लिहिलेलं असतं. तो आकडा कमेंटमध्ये टाका. आमच्या सेक्रेटरी काकांनी तर सगळ्यांच्या आरसी मागवून नोटीस बोर्डावर यादीच लावली आहे. नवी एसयूव्ही तळमजल्यावर, जमिनीवर. आणि तिच्या डोक्यावरच्या प्लेटवर, तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची ८००.