कानबाईची गाणी आणि दुसऱ्या थ्रेडचा निरोप

[दृश्य: अमळनेर. संगणकाच्या पडद्यावर ध्वनिलहर, खाली अर्धवट लिहिलेल्या ओळी.]

खानदेशात श्रावणातल्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी तिचं विसर्जन होतं. त्या रात्री बाया जी अहिराणी गाणी म्हणतात, त्यातली कितीतरी अजून कागदावर आलेली नाहीत. अमळनेरचा हा तरुण प्रोग्रामर ती रेकॉर्ड करून आणतो आणि ओळीमागून ओळ उतरवून काढतो. ऐकणं आणि लिहिणं एकाच खिडकीत व्हावं, म्हणून त्याने इमॅक्स या टेक्स्ट एडिटरला सी भाषेतलं एक मॉड्यूल, म्हणजे एक जोड-प्रोग्राम, जोडलंय. गाण्याचा तुकडा संपला की त्याची वेळ मजकुरात आपोआप पडते.

या ‘आपोआप’मध्येच सगळी मेख आहे. गाणं वाजवणारी ध्वनी लायब्ररी तिच्या स्वतःच्या थ्रेडवर, म्हणजे एडिटरच्या कामाला समांतर अशा वेगळ्या धाग्यावर, चालते. तुकडा संपला की ती मॉड्यूलमधल्या एका फंक्शनला हाक मारते. हा झाला कॉलबॅक. तो कधी येईल, हे एडिटरला ठाऊक नसतं. त्या क्षणी तो फाइल सेव्ह करत असेल, नाहीतर मेमरीची साफसफाई चाललेली असेल.

[दृश्य: कोडमधली एक ओळ, जवळून.]

ही पहिली आवृत्ती. मॉड्यूल लोड होताना मिळालेला एन्व्ह पॉइंटर, म्हणजे ज्यातून मॉड्यूल एडिटरशी बोलतं तो दुवा, स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये कायमचा जपून ठेवलाय आणि कॉलबॅक आला की त्याच पॉइंटरवरून थेट लिस्प या इमॅक्सच्या आतल्या भाषेतलं फंक्शन चालवलंय. कधी हे तासभर नीट चालायचं, कधी पहिल्याच कडव्याला एडिटर कोसळायचा.

इमॅक्समध्ये मॉड्यूलची सोय २०१६ साली, २५.१ या आवृत्तीत आली. तेव्हापासूनचा नियम स्पष्ट आहे: एन्व्ह पॉइंटर ज्या कॉलमध्ये मिळाला, तो कॉल संपेपर्यंतच तो चालतो, आणि तोही त्याच थ्रेडवर. लिस्प फंक्शन नंतरसाठी राखून ठेवायचं असेल तर ग्लोबल रेफरन्स, म्हणजे कॉल संपल्यावरही टिकणारा संदर्भ, घेता येतो. पण त्याने फक्त ती वस्तू शाबूत राहते. दुसऱ्या थ्रेडवरून तिला हात लावायची मुभा मिळत नाही. अशा चुका पकडायला मॉड्यूल असर्शन्स नावाचा पर्याय आहे. तो लावून एडिटर सुरू केला की गती मंदावते, पण नियम जिथे मोडला तिथेच एडिटर थांबतो. मॉड्यूल लिहिणाऱ्या प्रत्येकाने सुरुवातीपासून तो लावावा, असं मला मनापासून वाटतं.

मग निरोप पोचवायचा कसा? भुसावळला येणारी गाडी आउटरला थांबते, शिटी देते. लाइन कधी द्यायची ते स्टेशन ठरवतं. कॉलबॅकनेही इतकंच करायचं.

त्यासाठी २०२२ साली, २८.१ या आवृत्तीत ओपन चॅनल हे फंक्शन आलं. लिस्पच्या बाजूने एक पाइप प्रोसेस, म्हणजे बाइट आत येण्याची नळी, तयार करायची आणि तिला फिल्टर फंक्शन लावायचं; बाइट आले की एडिटर ते चालवतो. मॉड्यूलला त्या पाइपचा फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेला क्रमांक, मिळतो, आणि त्यावर कुठल्याही थ्रेडवरून लिहिता येतं. ध्वनीचा थ्रेड तुकड्याची माहिती रांगेत ठेवतो आणि पाइपमध्ये एक बाइट टाकतो. एडिटर मोकळा झाला की फिल्टर चालतं, मॉड्यूलला पुन्हा बोलावतं, आणि या वेळी एन्व्ह पॉइंटर ताजा असतो.

[दृश्य: गाणं सुरू. बोटं कीबोर्डवर.]

इथून पुढे खरी कलाकुसर. तुकडा संपल्याची वेळ कॉलबॅकमध्येच टिपायला हवी. फिल्टर चालेपर्यंत थांबलात, तर एडिटर जितका उशीर करेल तितकी ती वेळ चुकते. बाइट तीन टाकले तरी फिल्टर एकदाच चालू शकतं, म्हणून बाइट मोजत बसायचं नाही, रांग पूर्ण रिकामी करायची. लिनक्सवर पाइपमध्ये साधारणपणे ६५,५३६ बाइट मावतात. एडिटर अडकला आणि पाइप भरला, तर लिहिणारा थ्रेड खोळंबतो आणि गाणं तुटतं. म्हणून डिस्क्रिप्टर नॉन-ब्लॉकिंग, म्हणजे जागा नसली तरी न खोळंबणारा, ठेवायचा. पाइप भरलाय म्हणजे निरोप आधीच पोचण्याच्या वाटेवर आहे. नवा बाइट गेला नाही तरी काही बिघडत नाही.

आणि वेळ टाकायची कुठे? समजा तुकडा सुरू झाला तेव्हा कर्सर ४१२व्या अक्षरावर होता. तुकडा संपेपर्यंत प्रोग्रामरने वरच्या ओळीत ‘बठ्ठा’ हा राहिलेला शब्द भरला. आता ४१२ ही जागा भलतीच झाली. नुसता आकडा न ठेवता मार्कर, म्हणजे मजकुरात रोवलेली खूण, ठेवला, तर तो मजकुराबरोबर सरकतो आणि वेळ बरोबर त्याच ओळीपाशी पडते. बफर, म्हणजे एडिटरमधला तो मजकूर, अजून उघडा आहे की नाही, तेही फिल्टरने आधी तपासायचं.

हा प्रश्न एकट्या इमॅक्सचा नाही. निओव्हिम या दुसऱ्या एडिटरमध्येही लूप कॉलबॅकमधून, म्हणजे बाहेरची घटना घडताच आलेल्या हाकेतून, एडिटरची बहुतेक फंक्शन्स थेट चालत नाहीत. काम शेड्यूल करून मुख्य लूपकडे सोपवावं लागतं.

बंद करतानाचा क्रम मात्र चुकता कामा नये. आधी आवाज थांबवायचा, मग तो थ्रेड संपेपर्यंत वाट बघायची, त्यानंतर डिस्क्रिप्टर बंद करायचा आणि शेवटी पाइप प्रोसेस काढून टाकायची. डिस्क्रिप्टर आधी बंद केला, तर ऑपरेटिंग सिस्टिम तोच क्रमांक पुढे उघडणाऱ्या दुसऱ्या फाइलला देऊ शकते. ती फाइल नेमकी गाण्यांची असली, तर मागे राहिलेल्या थ्रेडचा बाइट थेट तिच्यात जाऊन पडेल.