फाइल चालेल का, हे नेमकं कुणाला विचारायचं?

तर मंडळी, विषय दिसायला अगदी फुटकळ आहे. आपल्या स्क्रिप्टला एवढंच कळायला हवंय की समोरची फाइल चालवता येईल की नाही, फक्त ती स्क्रिप्ट लिनक्स, मॅक, फ्रीबीएसडी आणि कुठल्यातरी कोपऱ्यातल्या जुन्या सोलारिसवरही चालली पाहिजे. पहिला हात जातो फाइलींची यादी दाखवणाऱ्या एलएस डॅश एलकडे, त्याच्या आउटपुटमध्ये ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडने चालवायच्या परवानगीचा एक्स शोधायचा की झालं. पण सेटयूआयडी फाइलला, म्हणजे कुणीही चालवली तरी मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या फाइलला, मालकाच्या एक्सच्या जागी एस दिसतो, लहान एस असला तर एक्झिक्युट बिट (चालवायच्या परवानगीची खूण) आहे, कॅपिटल असला तर नाही, आणि फाइलच्या नावातच एक्स असला तर मग काय विचारूच नका.

बरं, फाइलची माहिती देणारी स्टॅट कमांड वापरू म्हणाल, तर ग्नूवाल्यांचा (म्हणजे बहुतेक लिनक्सवरचा) फॉरमॅट डॅश सीने द्यायचा आणि बीएसडी नि मॅकवाल्यांचा डॅश एफने. गंमत म्हणजे ग्नूच्या स्टॅटलाही डॅश एफ आहे, पण त्याचा अर्थ वेगळाच, तो फाइल सोडून फाइलसिस्टिमची माहिती छापतो. फाइली शोधणाऱ्या फाइंडचंही तेच. मालक, ग्रुप आणि बाकीचे या तिघांच्या एक्झिक्युट बिटांपैकी कुठलाही एक चालेल असं सांगायला ग्नूत डॅश पर्म स्लॅश १११ लिहायचं, बीएसडीत स्लॅशच्या जागी प्लस. ग्नूतही आधी प्लसच चालायचा, २००५मध्ये तो डेप्रिकेट केला आणि नंतर काढूनच टाकला. पॉझिक्समध्ये, म्हणजे युनिक्सांच्या सामाईक मानकात, यातलं काहीच नाही, तिथे नुसता मोड (परवानग्यांचा आकडा) किंवा मायनस लावलेला मोड, आणि मायनस १११ म्हणजे तिन्ही बिट हवेतच. म्हणून सगळीकडे चालवायचं तर मायनस १००, मायनस ०१०, मायनस ००१ असे तीन पर्म मध्ये डॅश ओ, म्हणजे 'किंवा', घालून कंसात लिहायचे. कुरूप दिसतं पण चालतं.

पण खरी अडचण सिंटॅक्सची नाहीच. बिट चालू आहे का हा एक प्रश्न आणि मला ही फाइल चालवता येईल का हा दुसरा, आणि लोक पहिल्याचं उत्तर काढून दुसऱ्याला चिकटवतात. मोड ०६५५ घ्या. १११शी अँड केलं, म्हणजे कुठलातरी एक्झिक्युट बिट आहे का पाहिलं, तर उत्तर शून्य येत नाही, म्हणजे चालणार असं वाटतं, पण तुम्ही त्या फाइलचे मालक असाल तर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, फक्त मालकाचे बिट बघतं, तिथे एक्झिक्युट नाही, संपलं, ग्रुप आणि बाकीच्यांकडे ते वळतच नाही. वर एसीएल (परवानग्यांची जादा यादी) असते, पार्टिशन नोएक्झेक, म्हणजे काहीच चालवू न देणारं, माउंट केलेलं असतं, एनएफएस (नेटवर्कवरची फाइलसिस्टिम) असेल तर रूटला, म्हणजे सर्वाधिकारी यूझरला, सर्व्हर भलताच यूझर समजत असतो. हे सगळं आपण स्क्रिप्टमध्ये मोजत बसायचं? माझं म्हणणं, ज्याच्या हातात निर्णय आहे त्यालाच विचारा. एनएफएसनेही शेवटी तेच केलं, १९९५च्या तिसऱ्या व्हर्जनमध्ये सर्व्हरलाच परवानगी विचारायची वेगळी सोय आली.

शेलमध्ये हे विचारायचं साधन म्हणजे टेस्ट डॅश एक्स. १९७९च्या सातव्या एडिशनच्या युनिक्समध्ये टेस्टला आर आणि डब्ल्यू होते, एक्स नव्हता, पण आज पॉझिक्समध्ये आहे, बिनधास्त वापरा. सोबत डॅश एफ (ही साधी फाइल आहे का) लावा मात्र, कारण डिरेक्टरीवर एक्स म्हणजे आत शिरायची परवानगी, त्यामुळे नुसतं डॅश एक्स टेम्प डिरेक्टरीलाही हो म्हणतं. फाइंडमधूनही डॅश एक्झेक टेस्ट डॅश एक्स असं लावता येतं, प्रत्येक फाइलला एक प्रोसेस सुरू होते म्हणून हळू चालतं, पण सगळीकडे चालतं.

सी भाषेत असाल तर परवानगी विचारणारा अ‍ॅक्सेस कॉल आहे, आणि त्यात दोन खड्डे आहेत. एक, तो रिअल यूझर आयडी (प्रोग्रॅम कुणी सुरू केला) बघतो, इफेक्टिव्ह (तो कुणाच्या अधिकाराने चालतोय) नाही, त्यामुळे सेटयूआयडी प्रोग्रॅममध्ये उत्तर दुसऱ्याच माणसासाठीचं येतं. इफेक्टिव्हसाठी एफअ‍ॅक्सेसअ‍ॅट आहे, पण लिनक्स कर्नलने त्याचा फ्लॅग थेट घ्यायला २०२०चं ५.८ व्हर्जन उजाडलं, तोवर ग्लिबसी ही सीची लायब्ररी बिटांवरूनच हिशोब करायची आणि एसीएल सुटायची. दुसरा खड्डा रूटचा. एकही एक्झिक्युट बिट नसला तरी रूटला अ‍ॅक्सेसने हो म्हणावं, एवढी मुभा पॉझिक्स देतं. लिनक्स असं करत नाही. फ्रीबीएसडीच्या टेस्ट कमांडच्या सोर्समध्ये मात्र सुपरयूझरला मिळणाऱ्या या खोट्या हो साठी खास पळवाट लिहिलेली आहे, रूट असेल तर बिट पुन्हा तपासून बघतात. आणि तुमच्या प्रोग्रॅमच्या चाचण्या कंटेनरमध्ये रूट म्हणूनच चालत असतील, तर परमिशनच्या कितीतरी चुका तिथे दिसणारच नाहीत.

आता कुणीतरी विचारेलच, की तपासलं आणि चालवेपर्यंत कुणी परमिशन बदलली तर? बदलू शकते, म्हणून फाइल चालवायचीच असेल तर आधी तपासू नका, सरळ चालवा, हा सूर्य हा जयद्रथ. शेल १२६ हा एक्झिट कोड देतं तेव्हा फाइल सापडली पण चालवता आली नाही, १२७ म्हणजे सापडलीच नाही. तपासणी ठेवा ती इन्स्टॉलरसाठी, यादी दाखवायला, वेळेत नीट मेसेज द्यायला. कारण टेस्ट डॅश एक्सने हो म्हटल्यावरही फाइल चालेलच असं नाही. मोड १११ ठेवलेली बायनरी वाचायची परवानगी नसताना मजेत चालते, तीच शेल स्क्रिप्ट असेल तर कर्नल शेल सुरू करून देतं आणि मग शेललाच ती उघडता येत नाही. आणि विंडोजवर सेव्ह केलेल्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत कॅरेज रिटर्न, म्हणजे ओळीच्या शेवटचं न दिसणारं चिन्ह, राहिला असेल तर परमिशन सगळ्या बरोबर असूनही एरर येते की अशी फाइलच नाही, आणि माणूस तासभर परवानग्या बदलणारं सीएचमॉड करत बसतो.