वेराक्रूझमधील एक दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

मेक्सिकोच्या आखातावर वेराक्रूझ नावाचे जुने बंदर आहे. 1519 मध्ये मेक्सिको जिंकणारा स्पॅनिश सेनानी हर्नान कोर्तेस याच किनाऱ्यावर उतरला आणि पुढे तीन शतके मेक्सिकोची चांदी येथूनच स्पेनकडे जात राहिली. हे शहर पाहायचे तर स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा आणि सुरुवात सान हुआन दे उलुआ या किल्ल्यापासून करावी. आधी किल्ला, मग शहर. हा क्रम मोडू नये.

किल्ल्याच्या तटाशी वाटाड्या आपल्याला थांबवून भिंतीला हात लावायला सांगतो. तो दगड खाणीतला नसून समुद्रातून काढलेले प्रवाळ आहे आणि त्यावरच्या नागमोडी रेषा बोटांना स्पष्ट लागतात. मेक्सिको 1821 मध्ये स्वतंत्र झाला, तरी स्पॅनिश शिबंदी 1825 पर्यंत या किल्ल्यात तग धरून होती. पुढे येथील अंधारकोठड्यांत कैदी ठेवले गेले. नंतर राष्ट्राध्यक्ष झालेले बेनितो हुआरेस हे त्यांपैकीच एक.

किल्ल्यानंतर ‘ग्रान काफे दे ला पारोकिया’ या जुन्या कॉफीगृहात जावे, आणि येथे मी जरा रेंगाळणार आहे. वाढपी काचेच्या पेल्यात तळाशी थोडी दाट, काळी कॉफी आणून ठेवतो आणि निघून जातो. दूध येत नाही. नवखा पाहुणा सभ्यपणे वाट पाहत बसतो आणि कॉफी निवत जाते. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे आजोबा चमच्याने पेल्यावर किणकिण करतात, लगेच किटली घेतलेला दुसरा वाढपी येतो आणि हात उंच नेत वाफाळत्या दुधाची धार अशी सोडतो की पेला फेसाने काठोकाठ भरतो, पण थेंबही बाहेर सांडत नाही. जेवताना भांडी वाजवू नयेत, ही आपली लहानपणापासूनची शिकवण. त्यामुळे आपला हात काही केल्या उचलत नाही. तेव्हा वाटाड्या गावात सांगितली जाणारी हकिगत सांगतो. एक ट्रामचालक रोज दुरूनच घंटा वाजवीत येई, म्हणजे त्याची कॉफी तयार राही. तो वारला आणि त्याची अंत्ययात्रा कॉफीगृहावरून निघाली, तेव्हा आत बसलेल्या सगळ्यांनी चमचे उचलून आपापले पेले वाजवले. हे ऐकल्यावर आपला चमचा आपोआप पेल्याकडे जातो. कानाला लावायच्या ध्वनिमुद्रित माहितीयंत्रांवर माझा मुळीच विश्वास नाही, कारण समोरचा माणूस संकोचला आहे हे त्या यंत्राला कळत नाही.

दुपारच्या जेवणात टोमॅटो, ऑलिव्ह आणि केपर या खारवलेल्या कळ्या घालून शिजवलेला तांबडा मासा मागवावा. संध्याकाळी मुख्य चौकात दान्सोन हे क्युबातून आलेले संथ नृत्य चालते. इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेली वयस्कर जोडपी त्यात मोठ्या ऐटीने नाचतात आणि ते बसून पाहण्यासारखे असते.

मात्र हिवाळ्यात येथे ‘नोर्ते’ नावाचे जोरदार उत्तरी वारे सुटतात आणि होड्यांच्या फेऱ्या बंद पडतात. म्हणून त्या दिवसांत जाणाऱ्यांनी समुद्रफेरीसाठी आणखी एक दिवस हाताशी राखावा. किल्ला मात्र आज जमिनीने जोडलेला आहे, तेव्हा वारा असला तरी आधी किल्ला, मग शहर.