तिच्याआधी आपल्याला कळतं

(पुण्यातल्या एका वाचनालयात वाचकांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, विषय ऐकल्यावर संयोजकांपैकी एकांनी मला विचारलं, "यावर पाऊण तास बोलण्यासारखं आहे काय?" प्रश्न अस्सल पुणेरी होता, त्यामुळे राग आला नाही. आजकालची प्रेमकथा, हलकीफुलकी, नायिकाच सगळं सांगते, शेवट गोड. वाचा आणि मुदतीत परत करा, व्याख्यान कशाला?

मी बरीच वर्षं लायब्ररीच्या काउंटरवर बसले आहे. ही पुस्तकं लोक कशी नेतात ते मला पाठ आहे. वर एखादं चरित्र, खाली वैचारिक लेखसंग्रह, आणि मधे ती. नोंद करताना न विचारता खुलासा येतो, "भाचीसाठी हवंय." फडके-खांडेकरांच्या काळात 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' यावर आपण इतकं भांडून ठेवलंय, की मजेसाठी वाचायला अजूनही आपल्याला भाची पुढे करावी लागते.

तर या पुस्तकांत मजा नेमकी कुठे असते? माझं म्हणणं, ती गोष्टीत कमी असते आणि सांगणारीत जास्त. गोष्ट काय, दोघं भेटणार, बिनसणार, जुळणार. हे मुखपृष्ठावरच कळतं. पण सांगणारी बाई 'मी' म्हणून बोलायला लागली की एक गंमत सुरू होते. उदाहरण मीच रचते, म्हणजे कुणाच्या पुस्तकावर अन्याय नको. समजा, आपली नायिका नळ स्टॉपला कंपनीच्या बसमध्ये चढते आणि रोज हिंजवडीला जाते. ती म्हणते:

'त्या चष्मेवाल्याशी मला काही देणंघेणं नाही. तो वारज्याला चढतो, चौथ्या खिडकीशी बसतो आणि सोमवारी हमखास डबा विसरतो, एवढंच मला माहीत आहे. आज तो आला नाही. बस चांगली रिकामी होती, तरी फार उकडत होतं.'

तुम्ही हसलात, म्हणजे तुम्हाला कळलं. तिला अजून कळलेलं नाही. आता हेच लेखकानं बाहेरून सांगितलं तर? 'तिला तो आवडू लागला होता, पण ती स्वतःशीही ते कबूल करत नव्हती.' संपलं! माहिती तीच, पण निवेदकानं चुगली केली आणि आपल्याला काही शोधायला ठेवलं नाही. वारजं गेलं, डबा गेला, ते उकडणंही गेलं. पहिल्या उताऱ्यात ती जे नाकारते आहे त्याचा पुरावा तीच आपल्या हाती देते. सोमवारचा डबा तिच्या लक्षात कसा राहिला, हा प्रश्न आपण विचारायचा. या पुस्तकांत वाचक म्हणजे नायिकेची ती मैत्रीण, जिला सगळं आधी कळतं आणि जी मुद्दाम गप्प बसते. वाचकाला इतका मान देणारं लेखन मला तरी हलकं वाटत नाही.

मराठी कादंबरीत 'मी' काही नवा नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली इथे पुण्यात 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि 'पण लक्षांत कोण घेतो?' त्यातूनच क्रमशः आली. तिची नायिका यमू स्वतःची हकीकत स्वतः सांगते. करमणूक हाती घेऊन घरोघरचे लोक रडले असणार. पुढे १९३९ मध्ये विश्राम बेडेकरांचं 'रणांगण'. तिथेही 'मी', तिथे तर प्रेमही आहे. पण बोटीवरच्या त्या प्रेमामागे युद्धाची सावली आहे, आणि नायिका हॅर्टाचं शेवटी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडे प्रथमपुरुषी प्रेमानं बरंच सोसलंय.

मग हसणारा 'मी' कुठे होता? तो चिं. वि. जोशींकडे होता. चिमणराव स्वतःची फजिती अगदी गंभीरपणे, आपण मोठे व्यवहारचतुर असल्याच्या थाटात सांगतो, आणि वाचकाला त्याच्यापेक्षा दोन गोष्टी जास्त दिसतात. युक्ती अगदी हीच! म्हणून बसमधली ती मुलगी मला चिमणरावाची नात वाटते. आजोबा संसारात फसत होते, ही प्रेमात फसते.

इंग्रजीत या नातीला नाव मिळवून दिलं हेलन फील्डिंगच्या ब्रिजेट जोन्स या नायिकेनं. आधी ती वर्तमानपत्रातलं सदर होती, १९९६ मध्ये तिचं पुस्तक झालं. रोजच्या नोंदीच्या माथ्यावर वजन, सिगरेटी आणि दारूचा हिशेब. खाली ती काहीही म्हणो, वरचे आकडे तिची फिर्याद करतात. त्याआधी आपल्या पिढीत हातोहात फिरलेली मिल्स अँड बूनची पुस्तकं आठवा. ती बहुतेक तृतीयपुरुषी. नायकाची हनुवटी कशी, खांदे कसे, सगळं तपशीलवार. पण त्यात कुणी स्वतःला हसत नसे.

आता तक्रारी. पहिली, आरसा. आपण दिसतो कशा हे सांगण्यासाठी नायिका दुसऱ्या पानावर आरशासमोर उभी राहते. अहो, कामावर जायची घाई असलेली बाई आरशात स्वतःच्या डोळ्यांचा रंग बघत नाही, टिकली वाकडी आहे का ते बघते. दुसरी, गैरसमज. जो एका फोननं मिटला असता तो ऐंशी पानं चालतो. गैरसमज तिच्या स्वभावातून आला असेल तर ऐंशी काय, शंभर पानं चालवा. नुसता फोन बंद पडल्यामुळे आला असेल, तर मी पुस्तक बंद करते. तिसरी, प्रत्येक वाक्यात विनोद. माणूस सतत विनोद करत नाही, अडचणीत आल्यावर करतो, हे ज्या लेखिकेला माहीत आहे तिचं पुस्तक मी दुसऱ्यांदा नेते.

हल्ली एक प्रकरण ती सांगते, एक तो सांगतो. बऱ्याच वाचकांना हे आवडतं. मला नाही. त्याच्याही मनात तेच आहे हे कळल्यावर मग आपण वाट कशाची बघायची? तिच्या एकटीच्या नजरेतून दिसणारा तो मला हवा असतो. अर्धा तिनं पाहिलेला, अर्धा तिनं रचलेला. तो झेड ब्रिजवर गाडी लावून गप्प उभा आहे. तिला वाटतं कंटाळला. आपल्याला वाटतं धीर गोळा करतोय. दोघींपैकी कोण बरोबर, हे पुढच्या प्रकरणात तिच्याच तोंडून, तिच्या नाइलाजानं कळू दे की.

एक श्रोत्या मघाशी म्हणाल्या, "शेवट माहीत असताना वाचायचं कशाला?" बाई, ज्या सुरात ती सांगायला बसली, त्या सुरावरूनच कळतं की ती यातून धडपणे बाहेर पडली आहे. रडून झाल्यावरच माणूस स्वतःची फजिती इतक्या चवीनं सांगतो. त्यामुळे काय होणार याची धाकधूक नसते. कसं कबूल करणार, कुणासमोर, आईसमोर की बसमधल्या चाळीस लोकांसमोर, याची असते.

लग्नाचं प्रकरण मात्र मला शेवटी नको असतं. सनईचौघडे आले की ती शहाणी होते आणि आपली मैत्री तिथेच संपते. शेवटच्या पानावरही तिनं एखादी थाप मारलेली मला हवी असते. 'आता तो उशिरा आला तरी मी चिडत नाही,' असं तिनं म्हणावं, आणि त्याच परिच्छेदात दोनदा घड्याळ बघावं.