ऐतिहासिक चित्रपटाचं पार्श्वसंगीत : आधी तुतारीचा सूर मोजा

नमस्कार मंडळी.

आज ऐतिहासिक चित्रपटाच्या पार्श्वसंगीताबद्दल बोलू. उदाहरण शिवकालीन चित्रपटाचं घेऊ, कारण मराठीत ऐतिहासिक म्हटलं की बहुतेक वेळा तेच काम समोर येतं.

बऱ्याच ठिकाणी काम असं चालतं. संगणकावर मोठ्या ऑर्केस्ट्राची सॅम्पल्स, म्हणजे आधीच मुद्रित केलेले आवाज, उघडतात, डी मायनरमध्ये व्हायोलिन धावू लागतात, खाली भलेमोठे ड्रम येतात. सगळं बांधून झाल्यावर शेवटच्या आठवड्यात तुतारीवाले आणि संबळवाले बोलावतात. मग तुतारी फुंकली जाते आणि ती त्या पट्टीत बसतच नाही. चूक वादकाची नसते, क्रमच उलटा झालेला असतो. ज्या वाद्याला आपला सूर बदलता येत नाही ते आधी, आणि ज्यांना बदलता येतो ती सगळी नंतर.

तुतारीला ना भोकं, ना पडदे. नळीची लांबी ठरली की मूळ सूर ठरला. त्यावर निसर्गाने दिलेल्या क्रमानेच सूर मिळतात : सा, वरचा सा, त्यावरचा प, पुन्हा सा, मग ग, मग प. प्रत्यक्षात वादक यातले दोन-तीनच सूर भक्कम काढतो. म्हणून संगीताची पहिली ओळ लिहिण्याआधी जी तुतारी वाजणार आहे तीच मागवा. वादकाला दहा मिनिटं फुंकू द्या आणि मगच ट्यूनर लावा. दहा मिनिटं का? श्वासाने नळीतली हवा तापते आणि सूर चढतो, दर अंश सेल्सियसला साधारण ३ सेंट. दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट असतं. एसीने गार झालेली तुतारी आणि तापलेली तुतारी यांत १५-२० सेंटचा फरक सहज पडतो, आणि व्हायोलिनशेजारी तो कानाला लगेच खटकतो.

समजा, तुमची तुतारी पांढरी दोनच्या, म्हणजे डी पट्टीच्या, ३० सेंट वर बोलते. लाइव्ह ऑर्केस्ट्रा तिच्यामागे वर चढवता येत नाही. तो ४४० किंवा ४४२ हर्ट्झवर जुळलेला असतो आणि या दोहोंत फक्त ८ सेंटचा फरक आहे. तेव्हा पांढरी दोन ही पट्टी पक्की करा आणि ध्वनिमुद्रित तुतारी ३० सेंट खाली घ्या. एवढ्याने तिचा धातूचा कस बिघडत नाही. १०० सेंटच्या पुढे गेलात की मात्र आवाज खोटा वाटू लागतो. अशा वेळी दुसरी तुतारी शोधलेली बरी.

आता चाल. मुख्य धून चार-पाच सुरांचीच ठेवा आणि तिची हाडं तुतारीच्या सुरांत असू द्या : सा, प, वरचा सा. म्हणजे तीच धून रणात तुतारी वाजवेल, राजसदरेवर सनई आळवेल आणि मृत्यूच्या प्रसंगात एकटा चेलो धरेल. रागाचं म्हणाल, तर इथे दुर्गा किंवा मध्यमाद सारंग फार उपयोगी पडतात, कारण दोन्हींत गंधार नाही. तुतारीचा नैसर्गिक ग पियानोच्या गंधारापेक्षा १४ सेंट उतरलेला असतो, आणि व्हायोलिनचा ग त्यावर आला की बेसुरेपणा ऐकू येतो. भूप हवाच असेल तर जरूर घ्या, पण गंधार सनईला द्या आणि तुतारीला सा-प वर थांबवा. ऑर्केस्ट्राच्या कॉर्डमध्येही तिथे फक्त सा आणि प ठेवा. उघडा पंचम भव्य वाटतो, आणि तुतारीसाठी जागाही मोकळी राहते.

[स्क्रीनवर : १४४० ÷ लय = एका ठोक्याच्या फ्रेम्स]

लयीचा हिशेब फ्रेम्समध्ये करायची सवय लावा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम्सने चालतो, म्हणजे मिनिटाला १४४०. लय १२०, म्हणजे मिनिटाला १२० ठोके, असेल तर एक ठोका १२ फ्रेम्सचा, ९६ असेल तर १५, आणि ९० असेल तर १६. समजा, तुकडा सुरू झाल्यापासून २१.५ सेकंदांवर दरवाजा फुटतो. १२० च्या लयीत तिथवर ४३ ठोके होतात, म्हणजे चार मात्रांच्या अकराव्या आवर्तनाची चौथी मात्रा. दणका समेवर हवा असेल, तर त्या वेळेत ४४ ठोके बसवायचे. लय येते १२२.८. एवढी वाढ प्रेक्षकाला कळत नाही. मात्र प्रत्येक वार आणि प्रत्येक उडी अशी समेवर आणू नका. वीर पुरुषाचा प्रसंग कार्टूनसारखा दिसू लागतो. एका लढाईत दोन किंवा तीन क्षण निवडा, बाकी संगीत दृश्यावरून वाहू द्या.

संबळवादकाला मात्र क्लिकला, म्हणजे हेडफोनमध्ये वाजणाऱ्या एकसारख्या ठोक्याला, बांधू नका. गोंधळाची लय हळूहळू चढत जाते, आणि त्या चढण्यातच तिचा जीव आहे. वादकाला दृश्य दाखवा, दोन-तीन वेळा मोकळं वाजवू द्या. मग त्या वादनावरून टेम्पो मॅप, म्हणजे कुठे किती लय आहे याचा नकाशा, काढा आणि ऑर्केस्ट्रा त्यावर लिहा. काम वाढतं खरं, पण नेमक्या क्लिकवर वाजवलेला संबळ सॅम्पलसारखाच ऐकू येतो, मग माणूस बोलावला कशाला?

ध्वनिमुद्रणात हलगी सर्वांत जास्त त्रास देते. कातडं दमट हवेत सैलावतं, म्हणून हलगीवाले ती शेकोटीजवळ तापवून घेतात. स्टुडिओत शेकोटी नाही, तेव्हा हॅलोजनचा दिवा किंवा छोटा हीटर ठेवा आणि दर वीस मिनिटांनी आवाज पहिल्या टेकशी ताडून पाहा. नाहीतर सकाळचा टेक आणि दुपारचा टेक एकमेकांना जोडता येत नाहीत. तुतारीसाठी माइक तीन-चार मीटर लांब ठेवा आणि तिच्या तोंडासमोर नको, जरा बाजूला. पातळी उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. तुतारीचं काम सत्राच्या सुरुवातीलाच उरका, कारण ओठ थकले की वरचे सूर फुटतात.

घोडदौडीच्या दृश्यात एक सापळा आहे. टापांचे आवाज आणि हलगीचे ठोके एकाच टप्प्यात ऐकू येतात : छोटे, कोरडे, टोकदार. दोन्ही एकत्र वाजले की दोन्ही चिखल होतात, आणि मिक्सिंगला बसलेला माणूस हमखास संगीत खाली ओढतो. म्हणून ध्वनी-आरेखनाचा, म्हणजे टापांसारख्या दृश्यातल्या आवाजांचा, कच्चा ट्रॅक आधी मागून घ्या. टापा जिथे जवळून ऐकू येतात तिथे चर्मवाद्यं थांबवा आणि डबल बास व चेलोंना लांब सूर द्या. कॅमेरा दूर गेला, टापा विरल्या, की संबळ पुढे आणा.

संवादांचंही तसंच, आणि आपल्याकडे संवाद भरपूर असतात. शब्द स्पष्ट कळण्यासाठी साधारण १ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा मोकळा लागतो. सनईचा तिखटपणा नेमका तिथेच असतो, त्यामुळे सनई वाक्यांच्या मधल्या जागेत वाजवा, वाक्यावर नको. चेलो पुरुषी आवाजाच्याच उंचीत फिरतो, त्यालाही संवादाखाली चाल देऊ नका, एकच सूर धरायला सांगा. कोरसला तिथे शब्द नकोत, आकार पुरे. मागून संस्कृत घोष चालू असला की कान दोन्हीकडे ओढला जातो आणि राजाचं वाक्य निसटतं.

पडद्यावर जे वाजताना दिसतं त्याचा काळ मात्र काटेकोर पाळा. हार्मोनियम एकोणिसाव्या शतकातली, तबला अठराव्या शतकात पुढे आला. १६७४ च्या राज्याभिषेकात ही दोन्ही दिसता कामा नयेत. पखवाज, वीणा, टाळ चालतील. रायगडाला नगारखाना आहे, तेव्हा नगारे आणि सनई हवीच. पोवाडाही त्या काळाचाच आहे. अफजलखानवधावरचा अज्ञानदासाचा आणि सिंहगडावरचा तुळशीदासाचा पोवाडा आपल्याकडे उपलब्ध आहे. डफ, तुणतुणं आणि झांज यांच्यावर तो पुरेसा उभा राहतो. मागच्या संगीतात चेलो किंवा सिंथ वापरायला हरकत नाही, कारण ते प्रसंगातल्या माणसांना ऐकू येत नसतं.

वेळेचं गणित निर्मात्याशी आधीच करा. अडीच तासांच्या चित्रपटाला ९० मिनिटं संगीत लागलं आणि दिवसाला २ मिनिटं पक्की होत असली, तर नुसतं लिहायलाच ४५ दिवस जातात. ऑर्केस्ट्राच्या तीन तासांच्या सत्रात दहा-बारा मिनिटांचं संगीत निघेल असं धरा. संकलन पक्कं झाल्याशिवाय ऑर्केस्ट्राची तारीख घेऊ नका. दोन सेकंदांचा शॉट गेला, तर त्यापुढचा प्रत्येक ठोका ४८ फ्रेम्सनी सरकतो.

मिक्सिंगला सगळं एकाच फाइलमध्ये देऊ नका. संबळ-हलगी वेगळी, मोठे ड्रम वेगळे, तंतुवाद्यं, तुतारी, सनई, कोरस, सिंथ हे सगळं वेगवेगळं, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटमध्ये, प्रत्येक फाइल एकाच टाइमकोडवरून, म्हणजे चित्रातल्या एकाच वेळेवरून, सुरू होणारी. मास्टरवरचा (सगळ्या संगीताच्या एकत्रित ट्रॅकवरचा) लिमिटर, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन, काढून टाका. प्रतिध्वनी हवा असेल तर ज्याचा त्याच्याच फाइलमध्ये ठेवा, म्हणजे मिक्सरने संवादासाठी सनई बंद केली तरी तिची शेपटी तंतुवाद्यांच्या फाइलमध्ये वाजत राहणार नाही.