लाटेवर उभं राहायचं तर जमिनीवरून उठता आलं पाहिजे

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात राहून सर्फिंगच्या गोष्टी केल्या की लोक खाडीकडे बोट दाखवतात. तिथे लाट कुठली, चिखल आणि तिवरं! आणि ते खरंच आहे. ठाणे-नवी मुंबईच्या माणसाला लाट हवी तर गोव्यात अश्वे-मांद्रे गाठावं लागतं, नाहीतर मत्स्यगंधा एक्सप्रेसने मंगळूरच्या अलीकडे मुल्कीला उतरावं लागतं. म्हणजे समुद्र वाट्याला येतो तो वर्षातले मोजके दिवस. बाकीचं सगळं वर्ष नौपाड्यात, घोडबंदरला, वाशी-नेरूळला जातं. साठीनंतरही सर्फिंग चालू ठेवायचं असेल तर ते या बाकीच्या दिवसांवर ठरतं, असं माझं ठाम मत आहे. मी साठी ओलांडलेली बाई आहे, आणि माझ्या वयाच्या लोकांनी हा खेळ सोडू नये, याची मला मनापासून तळमळ आहे.

जपानचे सेइची सानो ऐंशीव्या वर्षी फुजी पर्वत चढले आणि त्यानंतर सर्फिंग शिकायला लागले. 2022 मध्ये, वयाच्या 88 व्या वर्षी, जगातले सर्वांत वयस्क सर्फर म्हणून गिनीज बुकात त्यांची नोंद झाली. अमेरिकेचे केली स्लेटर यांनी त्याच वर्षी हवाईतल्या पाइपलाइन नावाच्या प्रसिद्ध लाटेवरची स्पर्धा जिंकली, तेव्हा त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आठवडाही उरला नव्हता. स्लेटर जन्मभराचे खेळाडू. आपण डोळ्यांसमोर ठेवायचे ते सानो.

आता या खेळात शरीराला नेमकं काय करावं लागतं ते बघू. फोटोत माणूस सर्फिंगच्या फळीवर, लाटेवर उभा दिसतो, पण स्पर्धकांच्या वेळेचा हिशोब मांडला तेव्हा प्रत्यक्ष लाटेवरचा वेळ शंभरातला जेमतेम चार-पाच भरला. जवळजवळ निम्मा वेळ फळीवर पालथं पडून हातांनी पाणी मारण्यात जातो, आणि उरलेला बराचसा लाटेची वाट बघण्यात. म्हणून पहिला प्रश्न खांद्यांचा. छाती उचललेली, मान वर आणि दंड सतत फिरते, अशा अवस्थेत खांद्याच्या सांध्याभोवतीचे छोटे स्नायू थकतात आणि मग सांधा कुरकुरायला लागतो. यावर दोन उपाय मला पटलेत. एक पोहणं. आपल्याकडे मारोतराव शिंदे तरणतलाव आहे, नवी मुंबईतही तलाव आहेत. फ्रीस्टाइल शांतपणे, न थांबता, दम न लागता किती अंतर पोहता येतं ते वाढवत न्या. दुसरा उपाय खिडकीच्या गजाला बांधलेला रबरी पट्टा. दोन्ही टोकं हातात धरायची, कोपर मागे नेत पट्टा ओढायचा, पाठीची पाती एकमेकींजवळ आणायची आणि सावकाश सोडायचा. मोबाइलवर वाकून पुढे आलेले खांदे मागे नेणारा हा व्यायाम घरातल्या सगळ्यांनीच करावा. जोडीला भुजंगासन आणि शलभासन, कारण पालथं पडून छाती उचलून ठेवण्याची ताकद पाठीतूनच येते.

पण वय खरं उघडं पडतं ते उठताना. लाट मागून येते, फळी उचलली जाते आणि त्या एका क्षणात तळवे छातीशी टेकून, अंग उचलून दोन्ही पाय खाली आणायचे असतात. वयाबरोबर स्नायूंची ताकद घटते, आणि ती ताकद झटक्यात वापरण्याची क्षमता त्याहून लवकर घटते. म्हणूनच सत्तरीतला माणूस पिशव्या उचलतो, पण ठेच लागली की सावरू शकत नाही.

याचा सराव आपल्या अंगणातच आहे. सूर्यनमस्कारात भुजंगासनातून मागे जाऊन मग एक पाय दोन तळव्यांच्या मध्ये पुढे आणतो ना, सर्फिंगमधलं उठणं त्याच्या अगदी जवळचं आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातल्या शाळांत नेले आणि स्वतःही ते आयुष्यभर घातले. तुम्ही सतरंजीवर पालथे पडा. तळवे फासळ्यांपाशी. अंग उचला, पुढचा पाय तळव्यांच्या मध्ये आणा, मागचा जागच्या जागी वळवा, हात सोडा आणि गुडघे वाकवूनच उभे राहा. सुरुवातीला गुडघा टेकून, संथपणे. ते अंगवळणी पडलं की रोज दोन-तीन वेळा तरी शक्य तितक्या वेगात. दमल्यावर वेगाचा सराव करू नका, तेव्हा चुकीची सवय लागते.

ब्राझीलचे डॉक्टर क्लाउडिओ आराउजो यांची एक चाचणी आहे. उभ्याचं जमिनीवर बसायचं आणि परत उभं राहायचं, हाताचा, गुडघ्याचा आधार जितका कमी तितकं बरं. पूर्ण गुण 10. प्रत्येक आधाराला एक गुण वजा. 51 ते 80 वयाच्या दोन हजारांवर लोकांची ही चाचणी घेऊन त्यांनी पुढची काही वर्षं पाठपुरावा केला. कमी गुणांच्या लोकांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. आपली आजी पाटावरून उठायची, जात्यावर बसायची. आपण डायनिंग टेबल आणि सोफा घेतला आणि हे उठणं-बसणं घरातून गेलं. दिवसातलं एक जेवण जमिनीवर बसून घ्या, एवढीच माझी विनंती आहे. गुडघा बदललेल्यांनी मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं.

‘आता या वयात कुठली ताकद वाढणार?’ हे वाक्य मी फार ऐकते. 1990 मध्ये अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमातल्या मोजक्या लोकांना आठ आठवडे पायांचा वजनांचा व्यायाम दिला गेला. त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! आपण तर अजून साठीत आहोत.

व्यायामाला खाणं पुरलं पाहिजे. वयस्कांनी वजनाच्या किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं घ्यावीत, असं अनेक तज्ज्ञ सांगतात. साठ किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम असतात, म्हणजे पातळ वरणभातावर हे भागत नाही. मटकीची उसळ, कुळथाचं पिठलं, दही, पनीर, खाणाऱ्यांना बांगडा, हे प्रत्येक जेवणात थोडं थोडं हवं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

फळी निवडताना अहंकार घरी ठेवा. नऊ फुटांची जाड, मऊ फळी जास्त तरंगते, लाट लवकर पकडते, उठायला वेळ देते. लहान फळीच्या हट्टापायी चांगल्या लोकांनी खेळ सोडलेला मी बघितलाय. पडताना उथळ पाण्यात सूर मारू नका. आडवं, पसरून पडा आणि वर येताना हातांनी डोकं झाका. ऊन, वारा आणि खारं पाणी यांनी डोळ्याच्या कोपऱ्यात मांस वाढतं, म्हणून किनाऱ्यावर उन्हाचा चष्मा आणि टोपी हवीच. छातीत दडपण, चक्कर किंवा दम लागत असेल तर पाण्यात उतरण्याआधी तपासणी करून घ्या.

पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर उतरायचं नाही, यात तडजोड नाही. चेंदणी कोळीवाड्यातली माणसंही नारळी पौर्णिमेपर्यंत थांबत आली आहेत, आणि आपण त्यानंतरही थोडं थांबावं. ऑक्टोबरपासून समुद्र निवळतो, साठीच्या माणसाला झेपतील अशा लाटा मिळतात. सतरंजीवरचा सराव आत्ता सुरू केलात तर तोवर अंग तयार होईल. गेल्यावर पहिल्या दिवशी अर्धा-पाऊण तासच पाण्यात राहा, दुसऱ्या दिवशी खांदे बोलत असतील तर किनाऱ्यावर चाला, आणि परतीचं तिकीट एक दिवस पुढचं काढा. आपल्या वयात स्नायूंना सावरायला तो दिवस लागतो.

नमस्कार.