थ्रॉटल बॉडीखालचे गरम पाणी

[दृश्य: उघडे बॉनेट. काळ्या प्लास्टिकचे इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा भाग) आणि त्याच्या पुढच्या टोकाला ॲल्युमिनियमची थ्रॉटल बॉडी (आत जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग).]

हे इंजिन शेव्हरले कॅमारो या अमेरिकी स्पोर्ट्स कारचे आहे. एलएस१ या नावाने ओळखले जाणारे ५.७ लिटरचे हे व्ही-८ इंजिन १९९७ मध्ये कॉर्व्हेटमधून बाजारात आले आणि १९९८ पासून, २००२ मध्ये त्या पिढीच्या कॅमारोचे उत्पादन थांबेपर्यंत, कॅमारोतही बसवले गेले. झेड२८ या आवृत्तीत त्याची शक्ती सुरुवातीला ३०५ अश्वशक्ती होती. एवढ्यावर समाधान मानणाऱ्याने ही गाडी घेतलीच नसती, त्यामुळे ती घरी येताच तिच्यात बदल करायला सुरुवात व्हायची. त्या बदलांपैकी जवळजवळ फुकटात होणारा एक बदल म्हणजे थ्रॉटल बॉडीला जाणारे कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) होज काढून त्यांना परस्पर जोडून देणे.

या बदलामागचा विचार सरळ आहे. इंजिनात शिरणारी सगळी हवा थ्रॉटल बॉडीतून जाते आणि त्या थ्रॉटल बॉडीच्या तळातून नव्वद अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले कूलंट वाहते. थंड हवा दाट असते, दाट हवेत प्राणवायू अधिक असतो आणि प्राणवायू अधिक असला की अधिक पेट्रोल जाळता येते. मग आत येणारी हवा आपणच शेगडीवरून का न्यावी, असा प्रश्न कोणालाही पडेल.

[दृश्य: थ्रॉटल बॉडीच्या खालच्या बाजूची दोन तोंडे आणि त्यांवरचे बारीक होज.]

ही शेगडी कारखान्याने ठेवली ती बर्फासाठी. पेडलवरून पाय उचलल्यावर थ्रॉटलची चकती जवळजवळ बंद होते आणि उरलेल्या फटीतून हवा प्रचंड वेगाने आत ओढली जाते. तिथे दाब एकदम उतरतो आणि त्याबरोबर हवेचे तापमानही क्षणभर कित्येक अंशांनी उतरते. बाहेर शून्याच्या थोडे वर तापमान आणि दमट हवा असेल, तर हवेतले बाष्प, शिवाय क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या पोकळीतून) परत येणाऱ्या वायूतला ओलावा, चकतीच्या कडेवर गोठू शकतो. कॅमारोची थ्रॉटल केबलने ओढली जाते. चकती बर्फाने अडकली, तर चालकाने पाय उचलूनही ती पूर्ण मिटणार नाही आणि तीनशे अश्वशक्तीच्या गाडीत ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ही गाडी कॅनडातील क्वेबेक प्रांतात, सेंट-तेरेझ येथील कारखान्यात तयार होत असे, आणि ती विकली जाणार होती त्या प्रदेशात बर्फाळ मिशिगनपासून रखरखीत ॲरिझोनापर्यंत सगळे हवामान येत होते. एकाच रचनेने सर्वांचे भागवायचे असेल, तर ॲरिझोनाच्या चालकालाही त्याला नको असलेली शेगडी वागवावी लागते.

त्यामुळे उष्ण प्रदेशात हा बदल करण्यात सहसा धोका नाही, एवढे मान्य करावे लागेल. मुंबई-पुण्याच्या हवेत थ्रॉटलवर बर्फ धरण्याची चिंता कोणी करणार नाही. खरा प्रश्न असा आहे की त्यातून मिळते काय.

[दृश्य: थांबलेल्या गाडीच्या थ्रॉटल बॉडीला कोणीतरी हात लावून पाहते.]

होज काढलेल्या गाडीच्या थ्रॉटल बॉडीला हात लावला, तर ती पूर्वीपेक्षा थंड लागते. ही साक्ष खरी आहे. मॅनिफोल्ड नायलॉनचे असल्यामुळे इंजिनाची उष्णता त्यातून हळू येते आणि कूलंट बंद झाल्याचा फरक हाताला स्पष्ट जाणवतो. याच अनुभवामुळे हा बदल इतका लोकप्रिय झाला असावा. परंतु हाताला कळते ते धातूचे तापमान. इंजिन ओढते ती हवा, आणि हवेला त्या धातूजवळ थांबायला वेळच नसतो.

हा हिशेब कागदावर मांडून पाहू. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर ५.७ लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन सेकंदाला ढोबळमानाने २८५ लिटर हवा ओढते. या थ्रॉटल बॉडीचा व्यास ७५ मिलिमीटर आहे, म्हणजे हवेला जायला सुमारे ४४ चौरस सेंटिमीटरची वाट मिळते. त्या वाटेने हवा सेकंदाला साठ-पासष्ट मीटर, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते आणि थ्रॉटल बॉडीची सात-आठ सेंटिमीटरची लांबी सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात ओलांडते. एवढ्या वेळात तापलेली भिंत हवेला किती उष्णता देऊ शकेल, याचा अंदाज काढला तर तापमानातील वाढ एका अंशाच्या आत-बाहेर येते. तीस अंशांची हवा एका अंशाने थंड झाली, तर तिची घनता एक तृतीयांश टक्क्याने वाढते. ३०५ अश्वशक्तीचे एक तृतीयांश टक्के म्हणजे एक अश्वशक्ती, आणि हाही उदार हिशेब झाला.

डायनोवर, म्हणजे गाडीची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, एकच गाडी, काहीही न बदलता, लागोपाठ दोनदा चालवली तरी दोन वाचनांत याहून अधिक अंतर पडते. ड्रॅग, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या छोट्या शर्यतीच्या मंडळींचा ठोकताळा असा की दहा अश्वशक्ती वाढली की पाव मैलाला एक दशांश सेकंद वाचतो. त्या हिशेबाने इथे एक शतांश सेकंदाची बचत आहे, आणि तेवढा वेळ टायरची पकड थोडी इकडेतिकडे झाली तरी निघून जातो. संथ चालीत थ्रॉटल अर्धवट मिटलेली असताना हवा अधिक तापते हे खरे, पण त्या वेळी चालकाने स्वतःच शक्ती रोखून धरलेली असते. हवा थोडी विरळ झाली तर पाय किंचित अधिक दाबला जातो, इतकेच.

काही जण पुरावा म्हणून स्कॅनरवरील (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणाऱ्या यंत्रावरील) आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा आकडा दाखवतात. या गाडीत तो सेन्सर थ्रॉटल बॉडीच्या अलीकडे, हवेच्या नळीत बसवलेला आहे. हवा थ्रॉटलपर्यंत पोहोचण्यापूर्वीच मोजली जात असेल, तर थ्रॉटलमध्ये पुढे काय घडले हे तो आकडा कसे सांगणार?

[दृश्य: दोन्ही हेडना (सिलिंडरांच्या वरच्या झाकणांना) जोडणारी बारीक नळी. कॅमेरा तिच्यावरून थ्रॉटल बॉडीकडे आणि तिथून रेडिएटरकडे सरकतो.]

होज काढायचेच असतील, तर मात्र ही नळी नीट ओळखली पाहिजे, कारण चूक होते ती इथेच. एलएस१ मध्ये थ्रॉटल बॉडीला येणारे कूलंट दोन्ही हेडच्या वरच्या भागातून येते. तिथे अडकणारी हवा आणि वाफ याच बारीक नळीने बाहेर पडते, थ्रॉटल बॉडीतून जाते आणि मग रेडिएटरला मिळते. म्हणजे थ्रॉटल गरम ठेवणे हे या नळीचे जोडकाम आहे. तिचे मुख्य काम हेडमधली वाफ काढणे हे आहे. ज्याने दोन्ही तोंडांना बूच मारून काम आटोपले, त्याने एका अश्वशक्तीच्या आशेने वाफेची वाट बंद केली. हेडमध्ये वाफेचा फुगा धरून राहिला की त्या जागी धातूला कूलंटचा स्पर्श होत नाही आणि ती जागा तापत जाते, तर तापमानाचा सेन्सर दुसरीकडे असल्यामुळे काट्यावर काही दिसेलच असे नाही. योग्य पद्धत एकच आहे: हेडकडून येणारी नळी आणि रेडिएटरकडे जाणारा होज थेट एकमेकांना जोडावेत, जोड कूलंटला टिकणाऱ्या रबराचा असावा, आणि त्यावर चांगले क्लॅम्प आवळावेत.

दुसऱ्या गाडीचा नुस्खा आपल्या गाडीवर वापरू नये, याचे उदाहरण माझदाच्या पहिल्या पिढीच्या मियाटा या छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये सापडते. तिथे थ्रॉटल बॉडीखालच्या हवेच्या झडपेत मेणाची कळ आहे. इंजिन थंड असताना झडप उघडी राहून आयडल (पेडल न दाबता इंजिन फिरते ती गती) चढा ठेवते आणि कूलंट तापले की मेण फुगून ती मिटते. कूलंट तोडले तर झडपेला इंजिन तापल्याचे कळतच नाही आणि आयडल चढाच राहतो. एलएस१ चा आयडल संगणकाच्या आज्ञेने फिरणारी मोटर सांभाळते, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही.

[दृश्य: थंड इंजिन. होज सोडवला जातो, खाली ठेवलेल्या ट्रेमध्ये नारिंगी कूलंट पडते.]

काम पूर्ण थंड इंजिनावरच करावे, कारण तापलेले कूलंट दाबाखाली असते. सांडलेले कूलंट लगेच पुसून घ्यावे. ते गोडसर असते आणि कुत्र्या-मांजरांना विषारी ठरते. नंतर हीटर चालू ठेवून इंजिन तापवावे, ते थंड झाल्यावर रेडिएटरची पातळी पाहावी आणि पुढच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर ती पुन्हा तपासावी.

मोठ्या व्यासाची बाजारातली थ्रॉटल बॉडी बसवणाऱ्यांना हा जोड करावाच लागतो, कारण त्यांपैकी अनेकांत कूलंटची वाटच नसते. बाकीच्यांनी शक्तीचा आकडा सोडून द्यावा. पुढे थ्रॉटल बॉडी साफ करताना कूलंट सांडत नाही आणि गळण्याची एक-दोन ठिकाणे कमी होतात, हा फायदा मात्र हिशेब न मांडताही पटतो. काढलेले होज नाव लिहिलेल्या पिशवीत घालून गाडीच्या डिकीत ठेवावेत. जुन्या कॅमारोचे मालक बदलत राहतात, आणि पुढचा मालक मिशिगनचा असू शकतो.